रॅप्टर ७०० : चेन गाईड आणि खालच्या प्लेटा, आधी काय घ्यावं?

वाळूवाट

नमस्कार मंडळी. मुक्काम शारजा. इथे आल्यावर क्वाडचा, म्हणजे चार चाकांच्या मोटारसायकलचा, नाद लागला आणि गेल्या थंडीत एक वापरलेली यामाहा रॅप्टर ७०० घेतली. इंजिन ठणठणीत, गिअर नीट पडतात, पण गाडीखाली झोपून वर बघितलं की जीव हळहळतो. चिमट्याखालचं (चिमटा म्हणजे मागचा ॲक्सल धरणारा स्विंगआर्म) चेन गाईड, म्हणजे चेनला सरळ रेषेत ठेवणारा पिंजरा, एका बाजूला वाकलंय. त्यातला प्लास्टिकचा ठोकळा खोबणी पडून जवळजवळ बोल्टपर्यंत झिजलाय. मागच्या स्प्रॉकेटखाली (चेनच्या दातेरी चाकाखाली) तर काहीच नाही, नुसती बोल्टची रिकामी भोकं. आधीच्या मालकाने तिथली प्लेट काढून टाकलेली दिसते.

बहुतेक वेळा आम्ही अल बदायरला असतो, ज्याला इथे सगळे बिग रेड म्हणतात. तिथे सगळी वाळूच. पण मलीहाकडे फॉसिल रॉकच्या पायथ्याशी गेलं की वाळू संपते आणि खडी, धारदार दगड सुरू होतात. शिवाय आता मित्रमंडळी हत्ताच्या बाजूच्या वादींमध्ये, म्हणजे ओढ्यांच्या कोरड्या दगडी पात्रांमध्ये, जायचं म्हणतायत.

दुकानदार म्हणतो पूर्ण सेट घ्या: पुढच्या ए-आर्मच्या (पुढची चाकं धरणाऱ्या दांड्यांच्या) प्लेटा, पोटाखालची प्लेट, चिमट्याखालची प्लेट आणि वर ॲल्युमिनियमचं गाईड. सगळं एकदम घेणं परवडणारं नाही. तेव्हा क्रम कसा लावू? ॲल्युमिनियम घेऊ की ते जाड प्लास्टिक, यूएचएमडब्ल्यू? आणि गाईड कडक धातूचं बरं की लवचिक?

चिमटापाना

मी कोल्हापूरचा, मोटोक्रॉसच्या गाड्यांवर काम करतो. क्वाडही अधूनमधून येतात. भावा, गाडीच्या मागच्या बाजूपासून सुरू करून पुढच्या बाजूकडे खर्च करत ये. दुकानदार नेहमी पुढून सुरुवात करतो, कारण पुढच्या प्लेटा चकचकीत दिसतात आणि पटकन विकल्या जातात.

मोटोक्रॉसच्या गाडीला मागे १८ किंवा १९ इंची रिम असते, त्यामुळे स्प्रॉकेट जमिनीपासून बरंच उंच राहतं. रॅप्टरला मागे ९ इंची रिम आणि २० इंची टायर. आरपार एकच ॲक्सल, त्यावर एका बाजूला स्प्रॉकेट आणि दुसऱ्या बाजूला डिस्क. म्हणजे चेन आणि ब्रेक दोन्ही दगडाच्या उंचीवर आले. दगड दोन चाकांच्या मधून गेला की पहिला मान याच दोघांना.

दगडाने स्प्रॉकेटचे दोन दात वाकले तरी पुढच्या फेऱ्याला चेन त्या दातांवर चढते आणि उतरते. उतरलेली चेन पुढच्या छोट्या स्प्रॉकेटपाशी गोळा होते आणि क्रँककेसला, म्हणजे इंजिनच्या कवचाला, बाहेरून ढुशी मारते. केस फुटलेलं इंजिन उघडायला लागलं की या खालच्या (स्किड) प्लेटची किंमत किरकोळ वाटते. म्हणून माझा क्रम असा: आधी चेन गाईड, त्याच्यासोबतच चिमट्याखालची प्लेट, मग पुढच्या स्प्रॉकेटमागचा केस सेव्हर (उतरलेल्या चेनपासून केस वाचवणारा तुकडा) नसेल तर तो. पोट आणि ए-आर्म त्यानंतर.

आणि नवीन गाईड लावायच्या आधी जुनं का वाकलं ते शोध. नाहीतर नवंही तसंच वाकेल.

गरुडझेप

चिमटापाना, थोडा मतभेद नोंदवतो. ॲक्सल जमिनीपासून नेहमी तेवढ्याच उंचीवर राहतो, कारण तो चाकाबरोबर वर-खाली होतो. पोटाचं तसं नाही. टेकाडावरून उडी मारून खाली आलात की सस्पेन्शन पूर्ण दबतं आणि फ्रेम कितीतरी खाली येते. तेव्हा खाली दगड असेल तर मार थेट फ्रेमच्या नळ्यांना आणि इंजिनच्या तळाला. ज्याला उड्या मारायच्या आहेत त्याने पोटाखालची प्लेट आधी घ्यावी, असं माझं ठाम मत आहे.

चिमटापाना

मुद्दा सोळा आणे खरा. पण धागाकर्ते वाळूत उड्या मारणार आणि दगडात हळू चालवणार, असं दिसतंय. वाळूत पोट टेकलं तर रंग जाईल, बाकी काही होणार नाही. दगडात हळू चालवताना आधी टेकतो तो ॲक्सलच. मोटोक्रॉसच्या ट्रॅकवर पळवणारा कुणी विचारत असता तर मीही पोटच आधी सांगितलं असतं.

मायक्रॉन

आकड्यांत मांडतो, म्हणजे वाद राहणार नाही. रॅप्टरला ५२० मापाची चेन असते, पिच (लागोपाठच्या दोन पिनांमधलं अंतर) १५.८७५ मिमी. मागचं मूळ स्प्रॉकेट ३८ दातांचं. त्याचा पिच व्यास साधारण १९२ मिमी येतो, म्हणजे त्रिज्या ९६. चेनच्या पट्टीची निम्मी उंची धरली की चेनची खालची कड ॲक्सलच्या मध्यापासून साधारण १०४ मिमी खाली येते. २० इंची टायरची त्रिज्या २५४ मिमी. उरले १५० मिमी, तेही कागदावर. क्वाडच्या टायरमध्ये चार-पाच पीएसआयच हवा असते, स्वार बसला की टायर दबतो आणि यातले एक-दोन सेंटीमीटर तिथेच जातात. प्लेट लावली की तिची जाडी आणि स्प्रॉकेटपासून सोडलेलं अंतर आणखी वजा. यामाहाच्या माहितीपत्रकात गाडीची जमिनीपासूनची किमान उंची सुमारे ११ सेंटीमीटर दिलेली असते, ती यामुळेच.

म्हणून मागे मोठं स्प्रॉकेट लावायचा मोह होत असेल तर हे लक्षात ठेवा: ३८ चं ४० केलंत की खालून ५ मिमी गेले. गाडीला तशीच जास्त ओढ हवी असेल तर पुढचं स्प्रॉकेट १४ चं १३ करता येतं, पण मग चेन चिमट्याला जास्त घासते आणि चिमट्यावरची प्लास्टिकची पट्टी (स्लाइडर) लवकर संपते. क्वाडवर मोटोक्रॉस करणारे मागे १८ इंची टायर लावतात, त्यांची तर सरळ एक इंच उंची जाते. त्यांना चिमट्याखालच्या प्लेटशिवाय गत्यंतर नाही.

ॲरिझोनावारी

मी फिनिक्सला असतो, यामाहाचीच वायएफझेड ४५०आर क्वाड चालवतो. आमच्याकडे सगळा दगडच, वाळू हवी तर कॅलिफोर्नियात ग्लॅमिसला जावं लागतं. म्हणजे तुमच्या नेमकं उलट.

कडक गाईड की लवचिक, यावर बोलतो. नुसत्या ॲल्युमिनियमच्या पिंजऱ्याचं गाईड दिसायला दणकट असतं. पण धातू एकदा वाकला की वाकलेलाच राहतो. दगडाने तो पिंजरा आतल्या बाजूला दाबला तर तीच बाजू चेनला घासू लागते, आणि चेन जागेवर ठेवायला लावलेली वस्तूच चेन उतरवते. मागचा भाग धक्का खाऊन परत जागेवर येणाऱ्या प्लास्टिकचा असलेली गाईडं मिळतात. टीएम डिझाइनवर्क्सची या बाबतीत ख्याती आहे. दगडात मी तसंच वापरतो. धक्का बसतो, गाईड दबतं, परत उघडतं आणि चेन चालू राहते.

धातूचंच घ्यायचं असेल तर तीन गोष्टी बघा. बाहेरच्या पट्ट्या जाड हव्यात. आतला ठोकळा वेगळा विकत मिळायला हवा. आणि ठोकळ्याचे बोल्ट चेनच्या वाटेपासून लांब हवेत. तुमचा ठोकळा जवळजवळ बोल्टपर्यंत झिजलाय म्हणता, तो तर आजच बदला. पोलादी बोल्टच्या डोक्यावर चेन घासली की कड्यांच्या पट्ट्या आणि ओ-रिंग (कड्यांमधल्या रबरी रिंगा) दोन्ही खराब होतात.

वाळूत मात्र गाईडचा शत्रू वेगळा. तिथे धक्के नाहीत, पण वाळू चेनबरोबर गाईडमध्ये शिरून ठोकळा सतत किसत राहते. चिकट तेल किंवा ग्रीस मारलंत तर ती तिथेच चिकटून बसते. वाळूच्या दिवशी कोरडं राहणारं, वॅक्सचं ल्यूब वापरा, तेही राइडच्या आदल्या रात्री मारून कपड्याने पुसून ठेवा. ओ-रिंगच्या चेनला आतलं ग्रीस कारखान्यातच भरलेलं असतं. बाहेरचं ल्यूब फक्त रिंगा कोरड्या पडू नयेत, गंज चढू नये आणि दातांवर थोडी ओल राहावी एवढ्यासाठी. तारेच्या ब्रशने घासणं आणि पेट्रोलने धुणं टाळा, रिंगा जातात.

वाळूवाट

वा, एवढी माहिती एका दिवसात! चिमटापाना, "का वाकलं ते शोध" म्हणालात, ते कसं शोधायचं? ठोकळ्यात डाव्या बाजूला खोबणी जास्त खोल आहे, उजवीकडे कमी. त्यावरून काही कळतं का?

चिमटापाना

कळतं की. ठोकळ्यावरची झीज वाचायला शिकलं की अर्धं काम होतं.

खोबणी मधोमध आणि सरळ असेल तर चेन सरळ धावतेय, ठोकळा वयाने झिजला. एकाच बाजूला खोल असेल तर दोनच शक्यता: गाईड वाकलंय, नाहीतर चेनच तिरकी धावतेय. मोटारसायकलला चेन तिरकी होते ती बहुतेक वेळा दोन बाजूंचे ॲडजस्टर कमी-जास्त फिरवल्यामुळे. रॅप्टरला तसं होत नाही. तिथे ॲक्सलचा अख्खा हब (ज्यात ॲक्सलची बेअरिंगं असतात तो भाग) चिमट्याच्या तोंडात बसवलेला असतो आणि चेन ताणताना तो पूर्ण हबच फिरतो. ॲक्सल तिरका व्हायला वावच नसतो. म्हणून क्वाडची चेन तिरकी धावत असेल तर बेअरिंग, बुश किंवा वाकलेला ॲक्सल तपासायचा.

हे असं करायचं. गाडीचा मागचा भाग जॅकवर उचलायचा, चाकं हवेत. एक चाक वर आणि खाली असं धरून जोरात हलवायचं. खडखड आली तर ॲक्सलची बेअरिंगं गेली. मग चिमटा दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे ढकलायचा. तिथे खेळ असेल तर चिमट्याचे बुश. शेवटी चाक हाताने सावकाश फिरवत स्प्रॉकेटची कड एखाद्या स्थिर खुणेशी बघायची. कड आत-बाहेर होत असेल तर ॲक्सल वाकलाय किंवा स्प्रॉकेट. वाळूत भरपूर चाललेल्या गाडीत मला बेअरिंगचाच संशय जास्त. बारीक वाळू सीलच्या आत शिरते आणि बेअरिंग आतून दळते.

चेनचा ताणही बघ. पिंच बोल्ट (हब आवळून धरणारे) सैल करून हब फिरवायचा आणि मग ते मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला आवळायचे. ताण किती ठेवायचा तो आकडाही मॅन्युअलमध्येच बघ, गाडी कशावर ठेवून मोजायचा हेही तिथेच असतं. पुढचं स्प्रॉकेट, चिमट्याचा पिव्होट आणि ॲक्सल हे तिन्ही एका रेषेत आले की चेन सर्वात जास्त ताणली जाते. त्या जागीसुद्धा थोडा ढील उरलाच पाहिजे. घट्ट चेन बेअरिंग खाते, सैल चेन गाईड खाते. आणि हब फिरवला की ॲक्सल किंचित वर-खाली होतो, म्हणून चेन ताणल्यावर ती गाईडच्या मधूनच जातेय ना ते परत बघायचं. हे बघायला सगळे विसरतात.

जांभा

मी अलिबागच्या बाजूला राहतो. आमच्या किनाऱ्यावर भाड्याच्या छोट्या क्वाड पळतात, दोन-तीन मित्रांच्या आहेत, त्यांची देखभाल मीच बघतो. तुमच्या रॅप्टरच्या मानाने ही लहान लेकरं, ४२८ ची चेन आणि गाईड म्हणजे नावापुरती पट्टी. खारट पाण्याबद्दल मात्र हक्काने सांगू शकतो.

ॲल्युमिनियमच्या प्लेटला स्टेनलेसचे बोल्ट लावून गाडी समुद्राच्या पाण्यात घातली की दोन धातूंच्या मध्ये पांढरी पूड धरायला लागते. पावसाळ्यात गाडी उभी राहिली की ऑक्टोबरात बोल्ट हलत नाही, जोर लावला तर आटे हातात येतात. म्हणून प्रत्येक बोल्टला अँटी-सीझ पेस्ट, आणि किनाऱ्यावरून आल्यावर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने खालून धुणं. प्लेटच्या वर अडकलेली ओली वाळू हीच खरी दुश्मन. प्लेटला पाणी निचरायला भोकं नसतील तर पाडून घ्या.

या छोट्या गाड्यांना गाईडचा ठोकळा तयार मिळत नाही. आम्ही भाजी कापायच्या जाड पांढऱ्या प्लास्टिकच्या पाटातून कापून करतो. तो एचडीपीई असतो, चेनला चालतो. रॅप्टरला मी हे सुचवणार नाही, तिच्या ताकदीपुढे तो टिकायचा नाही.

रानजाई

वाचतेय, फार कामाचा धागा आहे. एक शंका. पोटाखाली पूर्ण प्लेट लावली तर इंजिन जास्त तापत नाही का? आणि ऑइल बदलताना दर वेळी प्लेट काढायची?

ॲरिझोनावारी

रॅप्टर आणि वायएफझेड दोन्ही पाण्याने थंड होणाऱ्या गाड्या, रेडिएटर पुढे वर असतो. त्यामुळे नुसत्या प्लेटने फार फरक पडत नाही. चिखल मात्र प्लेट आणि इंजिनच्या मध्ये साचून वाळला की उष्णता धरून ठेवतो. हवेवर थंड होणाऱ्या गाडीला, उदाहरणार्थ होंडाच्या जुन्या ४००ईएक्सला, हे जास्त जाणवतं. ड्रेन बोल्टखाली भोक पाडलेली प्लेट घ्या, म्हणजे ऑइलला प्लेट काढावी लागत नाही. पण धुण्यासाठी ती मधूनमधून काढायचीच. तेव्हाच तडे, सैल बोल्ट आणि ऑइलची गळती दिसते.

मायक्रॉन

आता ॲल्युमिनियम की यूएचएमडब्ल्यू. माझं रोजचं काम साहित्याशीच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्लेटांसाठी ॲल्युमिनियमचे दोन प्रकार येतात. ५०५२ वाकवायला सोपं, मार लागला तर खड्डा पडतो पण सहसा तडा जात नाही. ६०६१-टी६ जास्त कडक, पण तीव्र कोनात वाकवलं तर वाकवलेल्या जागीच तडा जाऊ शकतो. म्हणून भरपूर घड्या असलेली प्लेट ५०५२ चीच बरी. जाडी ३/१६ इंच, म्हणजे पावणेपाच मिमी, पुरेशी.

यूएचएमडब्ल्यू पॉलिथिलीनची घनता ०.९४ च्या आसपास, ॲल्युमिनियमची २.७. ७० बाय ३५ सेंटीमीटरची पोटाखालची प्लेट धरली, तर १२ मिमी यूएचएमडब्ल्यू पावणेतीन किलोच्या आसपास आणि ५ मिमी ॲल्युमिनियम सव्वातीन किलोच्या वर. म्हणजे जाड दिसलं तरी प्लास्टिक हलकंच. खरा फायदा घसरण्याचा. ॲल्युमिनियमला दगडाचं टोक रुततं, चरा पडतो, गाडी अडकते. यूएचएमडब्ल्यू दगडावरून सरकून जातं. आवाजही कमी.

पण शारजात एक गोष्ट विसरून चालणार नाही. तापमान वाढलं की हे प्लास्टिक ॲल्युमिनियमच्या सहा-सात पट प्रसरण पावतं. सकाळच्या गारव्यापासून दुपारच्या उन्हातल्या तापलेल्या प्लेटपर्यंत ४० अंशांचा फरक धरा. ७० सेंटीमीटरची ॲल्युमिनियमची प्लेट जेमतेम ०.६ मिमी वाढेल. यूएचएमडब्ल्यूची ४ मिमी किंवा त्याहूनही जास्त. बोल्टची भोकं नेमकी गोल आणि घट्ट असतील तर मधला भाग फुगून खाली लोंबतो आणि दगड त्यालाच धरतो. म्हणून एका टोकाची भोकं गोल आणि बाकीची लांबट हवीत. वर मोठे वायसर, आणि बोल्ट प्लास्टिक चिरडेपर्यंत आवळू नका. हे प्लास्टिक दाबाखाली सावकाश सरकत राहतं, म्हणून पहिल्या एक-दोन राइडनंतर बोल्ट परत तपासायचे. १३० अंशांच्या पुढे ते वितळतं, तेव्हा सायलेन्सरच्या पाइपाजवळ लावू नका.

माझा कल: चिमट्याखाली यूएचएमडब्ल्यू, कारण तिथे दगडावरून घसरणं हेच मुख्य काम. पोटाखाली ॲल्युमिनियम, कारण तिथे पातळ आणि ताठ हवं.

गरुडझेप

चिमट्याखालच्या प्लेटबद्दल पूर्ण सहमत. एक भर घालतो: प्लेट किती जाड यापेक्षा ती कशाला धरलीय ते आधी बघा. काही स्वस्त प्लेटा फक्त स्प्रॉकेटच्या आसपास दोन बोल्टांवर लटकतात. दगड लागला की प्लेट मागे दुमडते आणि चेनमध्ये जाते. हबच्या खालच्या बाजूला आणि चिमट्याच्या पुढच्या भागाला, दोन्हीकडे पकड असलेलीच घ्या. आणि बोल्टची डोकी प्लेटच्या पृष्ठभागाच्या आत बसणारी हवीत. बाहेर आलेलं डोकं दगड पहिल्या दिवशीच छाटतो, मग ड्रिल मारून बोल्ट काढावा लागतो.

रॅप्टर घेतलीत हे एका अर्थाने बरं झालं. ही गाडी २००६ पासून बाजारात आहे. डकार रॅलीत २००९ ते २०२४ पर्यंत क्वाडचा वेगळा वर्ग होता, त्यात यामाहाचं राज्य होतं. अर्जेंटिनाच्या पात्रोनेली भावांनी २०१० ते २०१३ सलग चार वेळा तो वर्ग जिंकला. एवढी वर्षं वाळवंटात आणि दगडांत घासलेल्या गाडीचे पार्ट शोधायला त्रास होत नाही.

वाळूवाट

काल गाडी जॅकवर घेतली. चिमटापाना, तुमचा अंदाज बरोबर निघाला. चाक हलवलं की ॲक्सलच्या हबमधून खडखड येते, चिमट्याचे बुश ठीक आहेत, स्प्रॉकेट सरळ फिरतंय. ॲक्सलही सरळ वाटतोय. वीस कड्यांची लांबी मोजली तर ३२२ मिमी भरली.

मायक्रॉन

नवी चेन वीस पिचला ३१७.५ मिमी. तुमची जवळजवळ दीड टक्का ताणली गेलीय. नव्या गाईडमध्ये ही चेन घालू नका. चेन, पुढचं स्प्रॉकेट, मागचं स्प्रॉकेट तिन्ही एकत्र बदला. जुन्या दातांवर नवी चेन लवकर झिजते.

वाळूवाट

मग असं ठरवतोय: आधी हबची बेअरिंगं आणि सील. मग चेनसेट मूळ १४ आणि ३८ चाच. लवचिक गाईड आणि चिमट्याखाली यूएचएमडब्ल्यू. पुढच्या स्प्रॉकेटचं कव्हर उघडतोच आहे, तर केस सेव्हर आहे का तेही बघतो. पोटाखालची ॲल्युमिनियमची प्लेट पुढच्या पगारानंतर, तोवर वादींमध्ये जात नाही. ए-आर्मच्या प्लेटा सध्या रद्द. दुकानदाराला हीच यादी पाठवतोय. चेन जोडायची कडी क्लिपवाली घेऊ की रिव्हेटची?

चिमटापाना

हातात रिव्हेटचं हत्यार असेल आणि वापरायची सवय असेल तर रिव्हेट. नसेल तर चांगल्या कंपनीची क्लिप चालते, पण राइडला निघण्याआधी दर वेळी नजर टाकायची. क्लिपचं बंद तोंड चेन धावते त्या दिशेला, उघडं तोंड मागे. बसवल्यावर पहिल्या दिवशी गाईडच्या दोन्ही बाजूंना मार्करची रेघ मार. अर्धा तास वाळूत चालवून परत बघ. रेघ एका बाजूची पुसली गेली असेल तर गाडी तिथेच थांबव आणि फोटो इथे टाक.